दोन शिट्ट्या

नवरात्रातली चौथी माळ. लॅमिंग्टन रोडला दुसऱ्या माळ्यावर आमचा गाळा आहे, अँप मिक्सर कीबोर्ड पेडल काय येईल ते रिपेअर करतो, आणि या दिवसांत येणारा प्रत्येक माणूस "आज संध्याकाळी प्रोग्राम आहे" म्हणतच जिना चढतो. अकराच्या सुमाराला काका आले. वय बासष्ट, बेस्टमधून रिटायर, राहायला लालबागला, आणि नोकरी सांभाळून आयुष्यभर ऑर्केस्ट्रात गिटार वाजवलेली. पेडलबोर्डची जड बॅग घेऊन दोन माळे चढल्यामुळे आधी पाच मिनिटं नुसतेच बसले, पाणी प्यायले, मग म्हणाले, "बाळा, नवीन डिले घेतलाय, चार दिवस झाले, शिट्टी मारतो. दुकानवाला म्हणतो पीस ओके आहे. संध्याकाळी भांडुपला प्रोग्राम."

अनॅलॉग डिले, म्हणजे गिटारचा सूर जरा थांबून परत परत ऐकवणारं, पायाने चालू-बंद करायचं पेडल. खरं सांगायचं तर शिट्टी राहिली बाजूला, मला आधी ते पेडल वाजवून बघायचीच घाई झाली, कारण माझ्याकडे येतात ती सगळी मेलेली पेडलं, नवंकोरं कोण कशाला आणेल. बेंचच्या मागे एक जुनी गिटार टांगलेली असते, तिची पहिली तार कायम तुटलेली, ती लावली, माझ्या बेंच सप्लायवरून नऊ व्होल्ट दिले आणि एक साधी पट्टी वाजवली.

काय सांगू. पहिला रिपीट जवळजवळ तसाच, दुसरा जरा मऊ, चौथा तर शेजारच्या खोलीत दार लावून कोणीतरी वाजवतंय असा. डिजिटलचा रिपीट म्हणजे झेरॉक्स, दहावी कॉपीपण पहिल्यासारखीच कडक, मग गायकाचे शब्द आणि तुमचे रिपीट एकमेकांच्या अंगावर पडतात. हा आपोआप मागे सरकतो. मग रिपीटचा नॉब फुल केला, आवाज स्वतःलाच खायला लागला, फुगत गेला, त्यात टाईमचा नॉब फिरवला तर विमान उतरल्यासारखा सूंऽऽ खाली. बाजूच्या गाळ्यातला एलईडीवाला बाहेर येऊन बघून गेला. काका म्हणाले, "तू खेळून घे, मी चहा सांगतो."

चहा येईपर्यंत त्यांनी विचारलं की यात टेप नाही काही नाही मग आवाज थांबतो कुठे. त्यांनी जुन्या काळी टेप इको, म्हणजे टेपवर आवाज धरून परत ऐकवणारं मशीन, वाजवलेला, त्यामुळे प्रश्न बरोबरच होता. आत एक चिप असते, तिला बकेट ब्रिगेड म्हणतात, 1969 साली फिलिप्सच्या लॅबमध्ये निघालेली आयडिया. चिपमध्ये चार्ज साठवणाऱ्या छोट्या छोट्या कपॅसिटरची रांग, 4096 टप्पे, पहिल्याने आपला चार्ज दुसऱ्याला द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि एक क्लॉक बाहेरून "हं, पुढे, हं, पुढे" करत असतो. काका लगेच, "म्हणजे आमच्या चाळीत पाणी वर चढायचं नाही तेव्हा खालच्या नळापासून तिसऱ्या माळ्यापर्यंत जिन्यात रांग लावायचो, बादली हातोहात वर. वर पोचेपर्यंत अर्धी व्हायची." मी म्हटलं झालं, हेच. फक्त इथे क्लॉक हळू केला की डिले लांबतो, पण क्लॉक हळू म्हणजे वरचा ट्रेबल त्यात मावतच नाही, म्हणून आधी आणि नंतर फिल्टर लावून तो कापावा लागतो. मऊपणा येतो तो तिथूनच जास्त, आणि थोडं सांडतंही.

आता शिट्टी. टाईम फुल केला, 300 मिलिसेकंद, आणि मला ऐकू आली. एकदम बारीक, सरळ, जुन्या टीव्हीसारखी. स्कोप, म्हणजे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं मशीन, लावला तर क्लॉक सेकंदाला सहा हजार आठशेच्या आसपास, गणित बरोबर बसत होतं, 4096 भागिले दोन, भागिले 0.3. म्हणजे क्लॉक स्वतःच कानाच्या टप्प्यात उतरलाय आणि त्यातला किंचित फिल्टरमधून निसटतोय. मग मी काकांना चांगलं पाच मिनिटांचं लेक्चर दिलं, की हा फॉल्ट नाही, अनॅलॉगमध्ये एवढं चालायचंच, टाईम जरा कमी ठेवा, वगैरे. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू कुठल्या शिट्टीबद्दल बोलतोयस? मला तर आत्ता काहीच ऐकू येत नाहीये. माझी शिट्टी वरखाली होते."

मला इतकं ओशाळल्यासारखं झालं ना. बासष्टव्या वर्षी सात हजार हर्ट्झची बारीक रेघ नाही येत ऐकू बऱ्याच जणांना, विशेषतः जन्मभर ड्रमच्या शेजारी उभं राहिल्यावर. मी माझीच शिट्टी शोधून त्यांची म्हणून खपवत होतो.

मग अख्खा बोर्ड उघडला. ट्यूनर, कंप्रेसर, ओव्हरड्राईव्ह, कोरस (एका गिटारच्या चार वाजतायत असं वाटायला लावणारा) आणि शेवटी हा डिले, पाचही पेडलं एकाच अडॅप्टरवर, एका वायरला पाच पिना अशी ती माळ असते ना तिच्यावर. सगळं त्यांच्याच केबलनी जोडलं, डिले ऑन केला, बाकी सगळं ऑफ. आणि आली. ऊंईऽऽऊंईऽऽ, कोणीतरी गल्लीच्या टोकाला उभं राहून शीळ घालतंय अशी, आणि ही जाडी होती, मलाही येत होती आणि काकांनाही. डिलेचा टाईम फिरवला की सूर बदलतो. साहजिकच कोणीही म्हणेल डिलेच खराब. आधी नव्हती, डिले आला आणि शिट्टी आली.

सप्लायच्या वायरवर फिल्टर म्हणून 47 ओहमचा रेझिस्टर आणि 470 मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर टाकून बघितला, कमी झाली, गेली नाही. दीड वाजला. वडापाव खाल्ला. नंतर हात पुसत पुसत बोर्डवर वाकलो आणि कोरसच्या रेटच्या, म्हणजे हेलकाव्याच्या वेगाच्या नॉबला बोट लागलं, नॉब जरा मागे गेला आणि शिट्टी सावकाश झाली. ऊंऽऽऽईऽऽऽ. कोरस ऑफ होता! लाईटसुद्धा बंद. पुन्हा फिरवला, फास्ट. पुन्हा मागे, स्लो. मी काकांकडे बघितलं, काका माझ्याकडे.

ट्यूब पेटली ती तेव्हा. या कोरसमध्येही तीच बकेट ब्रिगेड असते, फक्त छोटी, आणि तिचा क्लॉक खूप वरचा, कानाच्या कितीतरी बाहेर. पाय मारून कोरस ऑफ केला तरी नुसता आवाजाचा रस्ता बदलतो, आतला क्लॉक चालूच राहतो, आणि तो स्थिर नसतो, कोरसचा हेलकावा यायचा म्हणून त्याला सतत वरखाली केलेलं असतं. दोघांचे क्लॉक एकाच वायरीतून एकमेकांत मिसळले की त्यांच्यातल्या फरकाचा तिसराच सूर तयार होतो, तो मात्र बरोबर कानात बसणारा. एकटा डिले निर्दोष, एकटा कोरस निर्दोष. दुकानवालाही खोटं बोलत नव्हता, त्याने एकटाच लावून बघितला असणार, मी तरी सकाळी दुसरं काय केलं.

कोरसची पिन काढली. चिडीचूप.

सेपरेट आऊटपुटवाला आयसोलेटेड सप्लाय घ्या म्हणून सांगितलं पण आज तो घेऊन बोर्ड परत बांधायला वेळ नव्हता, म्हणून खालून नऊ व्होल्टची बॅटरी आणली, कोरसच्या पोटात घातली, अडॅप्टरची पिन वर टेपने बांधून टाकली कारण ती चुकून लागली की बॅटरी कट होऊन परत तेच. "मधे ब्रेकला इनपुटची केबल काढा, नाहीतर बॅटरी उगाच उतरते." काकांनी दोनदा म्हणून दाखवलं, पैसे विचारले, मी बॅटरीचे तेवढे घेतले. तीन वाजता ग्रँट रोडवरून गाडी पकडतो, दादरला बदलतो, म्हणत उतरले.

साडेसातला फोन. मागे "हॅलो माईक टेस्टिंग" चाललेलं, त्यामुळे दोघंही ओरडत होतो.

"बाळा, शिट्टी गेली! पण हा मिक्सरवाला पोरगा म्हणतो बारीक काहीतरी येतंय. मला तर काही ऐकू येत नाही, याचे कान वाजतायत का?"

"काका, टाईम फुल ठेवलाय का?"

"मग? पहिलंच गाणं शंभरच्या टेंपोचं आहे, तिथेच बसतो तो. तूच म्हणालास 300."

म्हटलं नॉब जरा मागे घ्या. तर म्हणे मग लयीत बसत नाही. म्हटलं मग त्या पोराला तुमच्या चॅनलचा ट्रेबल थोडा खाली घ्यायला सांगा. काका फोन कानाला तसाच ठेवून त्याच्यावर ओरडले, "अरे ए, ट्रेबल कमी कर, डॉक्टरांनी सांगितलंय," आणि मग ढोलकीवाला सुरू झाला, पुढचं काही कळलं नाही.