डिपॉझिट आधी, चावी नंतर

घरमालक काकांचा फोन महिन्याच्या मधेच आला तेव्हाच पोटात गोळा आला. भाडं पाच तारखेला गेलेलं, करार संपायला अजून वेळ, पाऊस लांब म्हणजे गळतीचाही विषय नाही. काका बराच वेळ मुलांची चौकशी करत राहिले. शेवटी म्हणाले, "ताई, मुलाने नाशिकला फ्लॅट बघितलाय. आम्ही इथली रूम विकायला काढतोय. तुम्हाला आधीच कानावर घातलेलं बरं."

विक्रोळी पूर्वेचं कन्नमवार नगर. म्हाडाची जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. भाडं १५,५००, डिपॉझिट ७५,०००. सासूबाई, नवरा, मी आणि दोन मुलं. थोरली यंदा दहावीत जाणार. काकांवर रागवावं असं काही नव्हतं. रिडेव्हलपमेंट होईल, होईल म्हणून ते वर्षानुवर्षं थांबले, बिल्डर बदलले, सोसायटीच्या मीटिंगमध्ये खुर्च्या उचलण्यापर्यंत वेळ आली, आता त्यांना थांबवेना. पण राग नाही म्हणून भीती कमी होत नाही.

मी घाटकोपरला एका पतपेढीत हिशेब लिहिते. आमच्याकडे कर्जाचे कागद तपासायला एक वकील येतात. त्यांना करार दाखवला. म्हटलं, मुदत शिल्लक आहे, नवीन मालकाला आम्हाला ठेवावंच लागेल ना? त्यांनी चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा उत्तर वाईट असतं. आपण ज्याला भाडेकरार म्हणतो तो लिव्ह अँड लायसन्स असतो, म्हणजे मालकाने दिलेली वापराची परवानगी. १८८२ च्या ईझमेंट कायद्याचं कलम ५९ म्हणतं की मालकाने जागा विकली तर घेणाऱ्यावर ती परवानगी बंधनकारक नाही. शिवाय आमच्या करारात दोन्ही बाजूंना एक महिन्याच्या नोटिशीचं कलम होतंच. आणि मुदत संपूनही बसून राहिलं तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम २४ प्रमाणे दुप्पट भाडं नुकसानभरपाई म्हणून लागू शकतं. पागडीवाल्यांच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या भाडेकरूंच्या, कहाण्या ऐकून वाढलेल्या माझ्यासारखीला हे पचायला वेळ लागला. लालबाग-परळच्या चाळीत माझ्या मावशीला कोणी हलवू शकत नाही, आणि मला एका फोनवर.

मग शोध. पहिलाच एजंट म्हणाला, "ताई, बजेट?" मी सांगितलं, सतरा-अठरा. तो हसला नाही, उलट सहानुभूतीने बघितलं, ते जास्त लागलं.

आमच्या भागात भाडी का चढली आहेत, हे मला त्या आठवड्यांत नीट कळलं. मी समजत होते आयटीवाले येतात, पगार मोठे, म्हणून. अर्धं कारण आपल्याच इमारतींमध्ये आहे. कन्नमवार नगर, टागोर नगर, दोन्हीकडे इमारती पाडून टॉवर उभे राहतायत. एक इमारत रिकामी झाली की तिच्यातली सगळी कुटुंबं एकाच वेळी बाहेर पडतात, आणि शाळा, देऊळ, मच्छीवाली सोडून लांब कोणालाच जायचं नसतं. त्यांना बिल्डर भाडं देतो, बऱ्याचदा अकरा महिन्यांचे चेक एकदम. एजंटच्या तोंडी त्याला "बिल्डरची पार्टी" म्हणतात. एका काकूंची रूम आम्हाला पसंत पडली, त्यांनाही आम्ही पसंत पडलो, चहा झाला, सासूबाईंचं आणि त्यांचं गाव चिपळूणच्या अलीकडे-पलीकडे निघालं. संध्याकाळी फोन: "अगं, बिल्डरची पार्टी आली, दोन हजार जास्त देतायत." ती पार्टी म्हणजे आमच्या मागच्याच इमारतीतलं कुटुंब. त्यांच्या मुलीला मी बालवाडीपासून ओळखते. त्यांना दोष कसा देणार, त्यांनाही कुठेतरी राहायचंच आहे. पण स्वतःच्या पगारातून भाडं देणारा माणूस या रांगेत कायम मागे.

नातेवाइकांचे सल्ले अर्थातच फुकट. "दिवा स्टेशनजवळ घ्या, आठ-नऊ हजारात वन बीएचके." "बदलापूर काय वाईट आहे?" काहीच वाईट नाही. माझा दीर बदलापूरला राहतो, खिडकीतून डोंगर दिसतो. पण नवऱ्याची शिफ्ट पहाटेची, मुलीचं दहावीचं वर्ष, सासूबाईंचे गुडघे आणि त्यांचे विक्रोळीतले डॉक्टर. भाड्यात वाचणारे सहा-सात हजार पास, रिक्षा आणि मुलीच्या क्लासच्या येण्याजाण्यात किती उरतील याचा हिशेब मी वहीत मांडला. उरत होते, नाही असं नाही. पण दिव्याला सकाळी गाडीत शिरणं हा वेगळा मजकूर आहे, तो वहीत बसत नाही.

"म्हाडाचा फॉर्म भरा की!" हेही सगळ्यांनी ऐकवलं. भरलाय हो. आमचं दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न सहा ते नऊ लाखांच्या मधलं, म्हणजे अल्प उत्पन्न गट. २०२४ ला मुंबई मंडळाच्या सोडतीत २,०३० घरं होती आणि अर्ज लाखाच्या वर. आठ ऑक्टोबरला निकाल बघितला, यादीत नाव नव्हतं, कामाला लागले. सोडत नशिबाने लागते, इथे मे अखेरीला खोली रिकामी करायची होती.

हेवी डिपॉझिटवाले पण भेटले. आठ लाख द्या, भाडं नाही, निघताना आठ लाख परत. ऐकायला गोड. माझा प्रश्न एकच होता: परत कशातून देणार? मालक सरळ म्हणाले, "पुढच्या पार्टीच्या डिपॉझिटमधून." म्हणजे पुढची पार्टी मिळेपर्यंत माझे पैसे त्यांच्या भिंतीत. पतपेढीत अशी फिरवाफिरवी मी रोज बघते, नको म्हटलं.

टागोर नगरात एकांनी नोंदणीऐवजी "नोटरी करू, खर्च कशाला" असं सुचवलं. करार नोंदवणं ही त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे, न नोंदवल्यास दंड किंवा कैदही त्यालाच. आणि खर्च तरी किती? वीस हजार भाडं आणि लाखभर डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांचं मुद्रांक शुल्क पावणेसहाशेच्या आत बसतं (एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर दहा टक्के धरलेलं व्याज, त्याच्या पाव टक्का), वर नोंदणी शुल्क १,०००. आता तर माणूस अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो. मुलीच्या शाळेत पत्ता बदलायला, गॅसला, सगळीकडे नोंदवलेला करारच मागतात. तिथून निघालो.

शेवटी कांजूरमार्ग पूर्वेला, कांजूर गावात, एका जुन्या सोसायटीत वन आरके सापडलं. भाडं २०,०००. पाणी सकाळी दीड तास, मोरी ऐसपैस, पोटमाळा आहे. वारा फिरला की रात्री डम्पिंग ग्राउंडचा वास येतो, पण तो आम्हाला कन्नमवार नगरातही येत होताच. शाळा शेअर रिक्षाच्या टप्प्यात. मालकीणबाईंनी दोनच प्रश्न विचारले, किती माणसं आणि मासे खाता का. दुसऱ्याचं उत्तर ऐकून म्हणाल्या, "मग बरं, आम्ही पण."

आता खरी अडचण. वीस हजार भाडं महिन्याला ओढून-ताणून जमलं असतं. पण पहिल्या दिवशी काय लागतं? डिपॉझिट १,००,०००. एजंटची दलाली एक महिन्याचं भाडं, २०,०००. आगाऊ भाडं २०,०००. कराराचे एजंट घेतो ते ३,५००. टेम्पो आणि हमाल ७,०००, कारण तिसऱ्या मजल्यावरून फ्रिज आणि सासऱ्यांचं सागवानी कपाट उतरवायचं. बेरीज १,५०,५००. आमच्या खात्यात साधारण साठ हजार. आणि आमचेच ७५,००० काकांकडे अडकलेले, ते मिळणार चावी दिल्यावर. चावी देणार कधी, तर नवीन घरात सामान गेल्यावर. सामान जाणार कधी, तर डिपॉझिट भरल्यावर. मुंबईत भाड्याने राहणारा प्रत्येक जण दर एक-दोन वर्षांनी हा खड्डा उडी मारून ओलांडतो, कोणी सोनं ठेवून, कोणी मेव्हण्याकडून घेऊन. केंद्राने २०२१ ला काढलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात (राज्यांनी स्वीकारला तरच लागू, असा तो नमुना) राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं ठेवलंय. वाचून बरं वाटलं, एजंटला सांगितलं, त्याला पण बरं वाटलं.

माझी पाटली काढून बघितली. परत ठेवली. मग विचार केला, या व्यवहारात घाई कोणाला आहे? घेणारा माणूस बँकेचं कर्ज काढतोय, त्याला रिकामी खोली हवी. काकांना त्याच्यावर नाशिकचा हप्ता भरायचाय. कायद्याने आमच्या हातात काही नव्हतं, पण आम्ही किती सुरळीत निघतो यावर त्या दोघांच्या तारखा अवलंबून होत्या.

काका-काकूंकडे गेलो, मी आणि नवरा. म्हटलं, "मे अखेरपर्यंत थांबत नाही, वीस तारखेला चावी देतो. बँकेची माणसं, घेणाऱ्यांचे पाहुणे, कोणीही कधीही बघायला येऊ दे. टोकन मिळालंय ना? त्यातून आमचे साठ हजार आत्ता द्या, पंधरा चावीला."

काका म्हणाले, असं कोणी करत नाही. शिवाय रंगाचे आठ हजार कापायचेत. नवरा, जो सहसा अशा वेळी पंख्याकडे बघतो, तो म्हणाला, "काका, घेणारे तर लाद्या पण उखडणार आहेत. रंग कोणासाठी?" काकू आतून हसल्या. बोलणं तिथेच वळलं. पन्नास आत्ता, पंचवीस चावीला, रंगाचे शून्य. मी कागद घेऊनच गेले होते. तारीख, रक्कम, दोघांच्या सह्या, पैसे बँकेतून. काकू म्हणाल्या, "एवढं काय लिहायचं, घरचेच आहात." मी म्हटलं, "घरचे आहोत म्हणून एकाच पानात आटपलं."

साठ आणि पन्नास, एकशे दहा. उरलेले चाळीस पतपेढीतून कर्मचारी कर्ज, दहा हप्ते. पाटली कपाटात राहिली.

कांजूरच्या करारात मी एक कलम घालून घेतलं. जागा विकायची ठरली तर दोन महिने आधी लेखी कळवायचं, आणि टोकन घेतल्यापासून आठ दिवसांत निम्मं डिपॉझिट परत. एजंट म्हणाला, "ताई, असं कलम मी आजवर टाईप केलेलं नाही." मालकीणबाईंनी दोनदा वाचलं, दोन महिन्यांचा दीड केला, निम्म्या डिपॉझिटचं तसंच ठेवलं आणि मशीनवर अंगठा दिला.