मावशीला दिसणारी मुंगीएवढी अक्षरं

गोव्यातल्या माशेलच्या उत्सवांची माहिती देणारं एक छोटं संकेतस्थळ मी चवथीच्या सुट्टीत हौसेनं तयार केलं आणि फोंड्याच्या मावशीला पाठवलं. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मुलानं लॅपटॉपवर क्रोमच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार सगळ्यात मोठा करून दिलेला.

संध्याकाळी फोन. "अरे, बाकी सगळीकडे वाचता येतं, तुझ्याच पानावर मुंग्या चालल्यात."

"कंट्रोल धरून अधिकचं बटण दाब ना."

"एकदा सांगितलंय मी कंप्युटरला. आता तुला वेगळं सांगू?"

मी निरुत्तर. सगळे आकार मी पिक्सेलमध्ये दिले होते, मजकूर १४ पिक्सेल. ब्राउझरचा मूळ आकार १६ असतो, मावशीनं तो २४ केलेला. पण पिक्सेल म्हटलं की ब्राउझर वाचणाऱ्याचं सेटिंग बाजूला ठेवतो आणि माझं ऐकतो.

आधी एम हे एकक वापरून पाहिलं. तालुका, त्यात गाव, त्यात उत्सव अशी यादी होती आणि प्रत्येक पातळीला ०.९ एम. एम आपल्या बाहेरच्या घटकावरून मोजतं, त्यामुळे १६ चे १४.४, मग १२.९६, आणि चिखलकाल्यापर्यंत पोचता पोचता ११.६६! म्हणून रेम या दुसऱ्या एककाकडे वळलो. ते थेट पानाच्या मूळ घटकाच्या आकारावरून मोजतं. १४ भागिले १६, म्हणजे ०.८७५ रेम, त्यापेक्षा सरळ १ रेमच ठेवलं.

रात्री अकरापर्यंत सगळं बदललं. माझ्या ब्राउझरला मावशीचं सेटिंग दिलं, पान उघडलं, अक्षरावर सेटिंगचा काहीच परिणाम नाही. तासभर डोकं खाजवल्यावर सापडलं: आयत्या साच्यात अगदी वर एचटीएमएलला, म्हणजे पानाच्या मूळ घटकालाच, १६ पिक्सेल असं लिहून ठेवलेलं. मूळच खिळवलेलं असेल तर रेम तरी काय करणार? ती ओळ उडवली आणि अक्षरं एकदम फुगली.

फुगली ती नीट नाही. ओळींची उंची २२ पिक्सेलला बांधलेली, त्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसले. मेनूच्या पट्टीची उंचीही ठरलेली, 'सूचना'चा उकार कापला जाऊन 'सचना' दिसायला लागलं. रोमन लिपीत हे इतकं लवकर उघडं पडत नाही, देवनागरीला वरखाली जास्त जागा लागते. ओळीची उंची नुसती १.६ केली, एकक न देता, म्हणजे अक्षराच्या १.६ पट, आणि पट्टीला ठरावीक उंचीऐवजी किमान उंची दिली. कडा मात्र पिक्सेलमध्येच राहू दिल्या, त्या वाढून काय करायच्यात?

मोबाइलची मांडणी कुठे सुरू व्हावी तेही एममध्ये केलं. मावशीच्या सेटिंगला ४८ एम म्हणजे ११५२ पिक्सेल, त्यामुळे खिडकी त्याहून अरुंद झाली की मेनू आपोआप घडी घालून बसतो. संकेतस्थळं सगळ्यांना वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांच्या १.४.४ निकषाप्रमाणे २०० टक्के मोठं करूनही पाहिलं, काही कापलं गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मावशीचा पुन्हा फोन. "आता दिसतं हो स्वच्छ. चिखलकाला एकादशीला लिहिलायस, तो दुसऱ्या दिवशी असतो. बदल आधी."