बाबांचा स्टेंट आणि घरात जमलेल्या सप्लिमेंटच्या बाटल्या

बाबांना स्टेंट बसवून घरी आणल्यावर भेटायला येणारे फळांबरोबर बाटल्या पण आणायला लागले. आत्याने ओमेगा थ्री आणलं, समोरच्या काकांनी लसणाच्या कॅप्सूल दिल्या, चुलतभावाने कोएन्झाइम क्यू टेन ऑनलाइन मागवून पाठवलं. सगळ्यांनी काळजीपोटीच आणलं आणि त्याचं मला मनापासून बरं वाटलं. पण बाबांच्या रोजच्या गोळ्यांत रक्त पातळ ठेवणाऱ्याच दोन आहेत, त्यामुळे मी सगळ्या बाटल्या पिशवीत भरल्या आणि फॉलोअपला डॉक्टरांसमोर ठेवल्या, आणि तोपर्यंत रात्री बसून जेवढं मिळेल तेवढं वाचून काढलं. नेरूळला आमच्या सोसायटीत बरेच जण हेच विचारत असतात म्हणून इथे लिहून ठेवतेय.

सगळ्यात जास्त खपतं ते फिश ऑइल. त्याची बाटली हातात घेतली की आधी मागची बाजू वाचा. पुढे मोठ्या अक्षरात १००० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं पण ते नुसतं तेलाचं वजन आहे, कामाचे घटक म्हणजे ईपीए आणि डीएचए हे ओमेगा थ्रीचे दोन प्रकार, आणि साध्या कॅप्सूलमध्ये ते बहुतेक वेळा १८० आणि १२० असे मिळून ३०० च असतात. बरं, तेवढ्याने होतं काय? अमेरिकेत व्हायटल नावाचा अभ्यास झाला, जवळपास २६ हजार लोक, पाच वर्षांहून जास्त काळ, रोज १ ग्रॅम फिश ऑइल. २०१८ मध्ये निकाल आले तेव्हा हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने मृत्यू हे सगळं मिळून बघितलं तर डमी कॅप्सूल घेणाऱ्यांपेक्षा ठळक फरक नव्हता. त्याच अभ्यासात व्हिटॅमिन डी पण तपासलं होतं, त्यानेही हृदयाच्या बाबतीत फरक पडला नाही. (बाबांचं डी रिपोर्टमध्ये कमीच आहे म्हणून डॉक्टरांनी ते चालू ठेवलं, पण ते हाडांसाठी.)

मग लोक म्हणतात की ओमेगा थ्रीने २५ टक्के धोका कमी होतो असं आम्ही वाचलंय. तेही खरंय पण ती गोष्ट वेगळी. रिड्यूस-इट नावाच्या अभ्यासात शुद्ध केलेलं ईपीए, रोज ४ ग्रॅम, औषध म्हणून दिलं होतं, तेही ज्यांचे ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) वाढलेले होते आणि जे आधीपासून स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी) घेत होते अशा लोकांना. आणि एवढ्या डोसला हृदयाचे ठोके अनियमित व्हायचं प्रमाण वाढलेलं दिसलं. म्हणजे ते डॉक्टरने लिहून द्यायचं औषध आहे, आपण दुकानातून उचलून सुरू करायची वस्तू नाही.

त्यापेक्षा आपल्याकडे मासे काय कमी आहेत का! बेलापूरला दिवाळे कोळीवाड्याच्या बाजारात बांगडा आणि तारली सुरमई-पापलेटच्या मानाने कितीतरी स्वस्त मिळतात आणि ओमेगा थ्री दोन्हींत भरपूर. आठवड्यातून दोनदा पुरे. फक्त रवा लावून तेलात तळू नका, तिरफळं घालून कालवण करा किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजा. जे मासे खात नाहीत त्यांनी जवसाची चटणी, अक्रोड जरूर खावेत, पण त्यातलं ओमेगा थ्री वेगळ्या प्रकारचं असतं आणि शरीर त्यातलं फार थोडंच ईपीए-डीएचएमध्ये बदलू शकतं, म्हणून जवस म्हणजे माशाची बरोबरी असं समजू नका.

आता लसूण, हळद, दालचिनी. हे आपल्या घरातलंच असल्यामुळे यांच्या कॅप्सूलवर पटकन विश्वास बसतो. २०२२ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी एक छोटा पण फार उपयोगी अभ्यास मांडला, जवळपास २०० जण, २८ दिवस, काहींना रोझुव्हास्टॅटिनची ५ मिलिग्रॅमची छोटी गोळी आणि बाकीच्यांना फिश ऑइल, लसूण, हळद, दालचिनी, रेड यीस्ट राइस (यीस्टने आंबवलेला लाल तांदूळ), प्लांट स्टेरॉल (वनस्पतीतला कोलेस्टेरॉलसारखा घटक) यातलं एकेक नाहीतर डमी. गोळीवाल्यांचं एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल सुमारे ३८ टक्के उतरलं, सप्लिमेंटवाल्यांचं डमीपेक्षा ठळक असं काहीच उतरलं नाही. म्हणून कळकळीने सांगते, भाजीत लसूण हळद हवी तेवढी घाला पण ‘नॅचरल’ मिळालं म्हणून स्टॅटिन बंद करू नका. स्टेंटनंतर मनाने गोळ्या सोडणं तर जिवावर बेतू शकतं.

व्हिटॅमिन ई पण सोडून द्या. होप नावाच्या अभ्यासात साडेनऊ हजार लोकांवर ४०० युनिट देऊन बघितलं, फायदा शून्य, आणि पुढे २००५ मध्ये जे आकडे आले त्यात हार्ट फेल्युअर उलट जास्त दिसलं.

इसबगोल मात्र मला पटलं. त्यातला विरघळणारा फायबर आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतो, मग लिव्हरला नवीन पित्त बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं, इतकं सरळ आहे. एलडीएल थोडंच उतरतं, पण उतरतं. भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं आणि औषधांपासून दोनेक तास लांब ठेवायचं. ओट्स, राजमा, मटकी यांचं कामही साधारण असंच.

पिशवीतल्या लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांनी लगेच बाजूला काढल्या, कारण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो. क्यू टेनला बाबांच्या बाबतीत गरज नाही म्हणाले. रेड यीस्ट राइस कुणी घेत असेल तर त्यात मोनाकोलिन के असतं, म्हणजे लोव्हास्टॅटिनच, वर स्टॅटिन चालू असेल तर डबल डोस होतो. अॅसिट्रॉम किंवा वॉर्फरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी व्हिटॅमिन के असलेलं मल्टिव्हिटॅमिन न विचारता सुरू करू नका, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) बिघडतो.

आणि मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, आपल्याकडे लोणचं, पापड, फरसाण, सुका बोंबील यातूनच किती जातं बघा. कमी सोडियमवालं मीठ चांगलं आहे, चीनमधल्या मोठ्या अभ्यासात त्याने स्ट्रोक कमी झाले, पण त्यात पोटॅशियम असतं, आणि किडनी कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिलसारखी बीपीची गोळी चालू असेल तर रक्तात पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. बाबा टेल्मिसार्टन घेतात. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि पोटॅशियमचा रिपोर्ट बघून डॉक्टर सांगतील, तोपर्यंत आमच्याकडे साधंच मीठ, कमी घालून.