जीकेआयचा (ग्लुकोज-कीटोन निर्देशांकाचा) भागाकार आणि त्यामागचे दोन आकडे

कीटोन, म्हणजे कर्बोदके कमी पडल्यावर शरीर चरबीपासून बनवते ती इंधनद्रव्ये, तपासताना मी त्याच वेळची रक्तशर्कराही मोजतो, कारण यांपैकी एकटा आकडा फारसे काही सांगत नाही. रक्तातील मुख्य कीटोन, बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट, साधारण ०.५ ते ३ मिलिमोल प्रतिलिटर असेल, तर ती आहारामुळे आलेली कीटोसिस, म्हणजे रक्तात कीटोन वाढलेली अवस्था, मानली जाते. लघवीच्या पट्टीवर दिसते ते अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट हे वेगळे कीटोन, आणि पाणी जास्त प्यायल्यास तिचा रंगही फिका पडतो. त्यामुळे नेमका आकडा हवा असेल तर बोट टोचण्यावाचून गत्यंतर नाही.

टोचण्याआधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. नुकत्याच सोललेल्या फळाचा रस बोटाला लागलेला असेल, तर साखर भलतीच जास्त दिसते. टोचावे ते बोटाच्या कडेला, कारण तिथे कमी दुखते. एकाच थेंबात दोन्ही पट्ट्या भागवायला जावे, तर दुसरीला रक्त अपुरे पडते आणि नेमकी कीटोनची महागडी पट्टी वाया जाते.

वेळही ठरलेली असावी. पहाटे कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढते, यकृत रक्तात साखर सोडते आणि अनेकांचे कीटोन संध्याकाळच्या मानाने कमी भरतात. म्हणून सकाळच्या आकड्याची तुलना सकाळच्याच आकड्याशी करावी. शिवाय घरगुती ग्लुकोमीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटरच्या खाली १५ मिलिग्रॅमपर्यंतचा फरक ग्राह्य धरला जातो, तेव्हा काल ८५ आणि आज ९२ यावरून काही निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही.

आता जीकेआय, म्हणजे ग्लुकोज-कीटोन निर्देशांक. साखरेच्या आकड्याला १८ ने भागून मिलिमोलमध्ये आणायचे आणि त्याला कीटोनने भागायचे. साखर ९० आणि कीटोन १ असेल तर उत्तर ५ येते. पण साखर १८० आणि कीटोन २ असले तरी उत्तर ५ च येते, आणि मधुमेही व्यक्तीच्या बाबतीत ही दुसरी जोडी काळजी करण्यासारखी आहे. त्याहून फसवी अवस्था मधुमेहावरच्या एसजीएलटी-२ प्रकारच्या (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या) गोळ्या घेणाऱ्यांची, कारण त्यांची साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोन साचून रक्त आम्लधर्मी करणारा, जीवघेणा कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. साखर १४४ आणि कीटोन ४ असताना निर्देशांक २ येतो, जो कीटो आहार घेणाऱ्यांच्या हिशेबात उत्तम ठरतो, प्रत्यक्षात मात्र अशा रुग्णाने तातडीने डॉक्टरांकडे जायला हवे.

म्हणूनच माझ्या वहीत वेळ, साखर आणि कीटोन असे तीन रकाने आहेत. भागाकारासाठी चौथा आखलेला नाही.