महाडीबीटी आपल्यासाठी नाही, बाय

बारावीचा निकाल लागला की गोव्यातल्या साखळी गावच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात मुलं मोबाईल पुढे करून उभी राहतात. ‘काकी, हा फॉर्म भरायचा आहे.’ मोबाईलवर यूट्यूबचा व्हिडिओ, आणि व्हिडिओत महाडीबीटी. समजावणारा दादा छान समजावतो, पण तो पुण्याचा नाहीतर लातूरचा. ते महाराष्ट्र सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल, महाराष्ट्रात अधिवास असलेल्या मुलांचं. आपण शोधतो मराठीत, आणि इंटरनेटवरची मराठी बहुतेक घाटापलीकडची. त्यात आपल्या मामलेदार कचेरीची गोष्ट कोण सांगणार? म्हणून मीच सांगते.

सुरुवात एनएसपीपासून करा, म्हणजे केंद्र सरकारचं राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल. तिथे आधी ओटीआर काढावा लागतो. हा आधारवर मिळणारा नोंदणी क्रमांक, एकदा काढला की पुढच्या शिक्षणालाही तोच चालतो. त्यासाठी मोबाईलसमोर चेहरा दाखवावा लागतो, तेव्हा आजीचा आठ वर्षांपूर्वीचा फोन घेऊन येऊ नका. या पोर्टलवर अर्ज भरायला सरकार एक पैसाही घेत नाही. मी घेते ते प्रिंटचे आणि झेरॉक्सचे. ‘प्रोसेसिंग फी’ मागणारा व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज आला तर तो तिथेच पुसून टाका.

या पोर्टलवर कॉलेजच्या मुलांसाठी एक केंद्रीय योजना आहे, पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना वर्षाला १२,००० रुपये आणि पदव्युत्तरला २०,०००. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवं, आणि बारावीत ८० पर्सेंटाइलच्या वर. इथे मुलं फसतात. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. त्या वर्षी आपल्या बोर्डातून तुमच्या शाखेत पास झालेल्यांपैकी ८० टक्के मुलं तुमच्या मागे असायला हवीत, एवढाच त्याचा अर्थ. कला शाखेची मुलगी मार्कशीटवर ७६ टक्के बघते आणि ‘माझं काय व्हायचंय’ म्हणून घरी बसते. कटऑफ बघितल्याशिवाय बसू नका! जागा राज्याच्या लोकसंख्येप्रमाणे वाटतात, त्यामुळे गोव्याच्या वाट्याला त्या थोड्या येतात हे खरं, पण त्यातल्या निम्म्या मुलींच्या आहेत. दुसरी शिष्यवृत्ती किंवा फी माफी घेत असाल तर ही मिळत नाही. काय जास्त फायद्याचं, ते घरी बसून आधी ठरवा.

इंजिनिअरिंगला किंवा डिप्लोमाला पहिल्या वर्षात गेलेल्या मुलींनी ‘प्रगती’ बघावीच. एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची आहे, वर्षाला ५०,००० रुपये, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. एवढी मोठी रक्कम असून मला विचारायला येणाऱ्या मुली मात्र कमीच.

गोव्याचं स्वतःचंही आहे. उच्च शिक्षण संचालनालयाची बर्सरी, म्हणजे शिक्षणासाठीची आर्थिक मदत आहे, शिवाय शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज. कर्जाला १५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. कर्ज म्हटलं की आपली माणसं घाबरतात, पण व्याज नसलेलं कर्ज आणि बँकेचं कर्ज यांत फरक आहे. पदव्युत्तर शिक्षणाला बाहेर जाणाऱ्यांसाठी मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स योजना आहे, तिची स्पर्धा मात्र कडक.

गावडा, कुणबी आणि वेळीप समाज २००३ साली अनुसूचित जमातीत आले. त्या घरांतल्या मुलांनी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी आदिवासी कल्याण खात्याकडे चौकशी करावी. केंद्राच्या नियमात उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे.

आता नावांचं. माझा निम्मा वेळ यातच जातो.

गेल्या मोसमात केरीचे एक बाप-लेक आले. मुलीच्या मार्कशीटवर बापाचं आडनाव साध्या इंग्रजी स्पेलिंगचं ‘नाईक’. उत्पन्नाच्या दाखल्यावर शेवटी ‘क्यूयूई’ लावलेलं, पोर्तुगीज थाटातलं ‘नाईक’. बाप शांतपणे म्हणाला, ‘आमच्या बापायचं तसंच लिहिलेलं, मग माझंही तसंच आलं. माणूस तोच आहे गे.’ माणूस तोच, पण कॉलेजातला कारकून दोन कागद शेजारी ठेवतो आणि अर्ज परत पाठवतो. गावकरांचं तर विचारूच नका, एका घरात त्या आडनावाची तीन-तीन स्पेलिंगं मी बघितली आहेत. वडिलांच्या नावात फरक असेल तर दोन्ही नावांचा माणूस एकच, असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून जोडा, बहुतेक वेळा चालून जातं. विद्यार्थ्याचं स्वतःचं नाव आधारवर आणि मार्कशीटवर वेगळं असेल तर मात्र आधी आधार दुरुस्त करा. त्या दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून निकालाची वाट बघू नका, बारावीची फी भरतानाच सगळे कागद एकदा मांडून बघा.

उत्पन्नाचा दाखला मामलेदारांकडून. सत्तरी तालुक्यातल्यांनी वाळपईला जायचं, आमच्या तालुक्यातल्यांनी डिचोलीला. चालू वर्षाचाच काढा. काजूचा हंगाम चांगला गेला म्हणून आकडा लपवायचा, असं काहीजण सुचवतात. मी त्या भानगडीत पडत नाही, आणि माझ्या कॉम्प्युटरवरही होऊ देत नाही.

पैसे कुठे येतात, हेही बघा. तुम्ही फॉर्ममध्ये कुठलाही खातं नंबर लिहा, रक्कम जाते आधारशी जोडलेल्या खात्यात. एका मुलाने स्टेटस दाखवलं, ‘पैसे दिले’, आणि पासबुक कोरं. शोधता शोधता कळलं, प्राथमिक शाळेत असताना कसल्यातरी योजनेसाठी उघडलेलं जुनं खातं अजून आधारशी जोडलेलं होतं, आणि पैसे तिथे पडून. बँकेत केवायसी करून ते खातं चालू केलं तेव्हा हातात आले. माय आधारच्या साइटवर ‘बँक सीडिंग’, म्हणजे आधारला कुठलं खातं जोडलंय ते, बघायला दोन मिनिटं लागतात. फॉर्म भरायच्या आधीच बघा.

फॉर्म सबमिट केला म्हणून काम झालं असं नाही. आधी कॉलेज तपासतं, मग वरचं कार्यालय. एका कॉलेजचं नाव घेत नाही, पण तिथल्या मुलीचा अर्ज टेबलावरून हललाच नाही आणि शेवटची तारीख निघून गेली. तिने फोन केले होते, ‘होईल, होईल’ एवढंच उत्तर. तेव्हा आठवड्यातून एकदा स्टेटस बघा आणि ‘कॉलेज स्तरावर प्रलंबित’ दिसलं की सरळ ऑफिसात जाऊन उभे राहा. अर्ज ‘डिफेक्टिव्ह’ म्हणून परत आला तर घाबरायचं काही नाही, चूक दुरुस्त करून पुन्हा पाठवता येतो, फक्त मुदत संपायच्या आत.

दुसऱ्या वर्षी त्या १२,००० रुपयांच्या केंद्रीय योजनेसाठी नूतनीकरण करावं लागतं. ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. मुलं पहिल्या वर्षी रांगा लावतात आणि दुसऱ्या वर्षी विसरतात, म्हणून मी प्रत्येकाच्या प्रिंटवर पेनाने मोठ्या अक्षरांत ‘पुढच्या वर्षी पुन्हा’ लिहून देते. आता दुकानात यायचं असेल तर सकाळी या, दुपारी जेवून मी तासभर झोपते. ओटीपी येणारा फोन सोबत आणा, वडिलांकडे कामावर ठेवून येऊ नका.