स्क्रॅचमधलं काम ‘हरवतं’ तेव्हा

आज संगणकाच्या तासाला स्क्रॅचवर (मुलांना ठोकळे जोडून गेम बनवता येणारी प्रोग्रामिंग भाषा) पुन्हा तेच: "काल केलेला गेम गेला!" बहुतेक वेळा तो गेलेला नसतो, डाउनलोड्समध्ये पडून असतो.

ब्राउझरमध्ये लॉगिन न करता स्क्रॅच वापरलं की काम आपोआप सेव्ह होत नाही. टॅब बंद, काम संपलं. म्हणून फाइल मेनूत जाऊन ‘सेव्ह टू युअर कॉम्प्युटर’ करायचं. पण त्याआधी वरच्या चौकटीत प्रोजेक्टला मुलाचं नाव आणि तारीख द्यायची. नाहीतर वीस मुलांच्या वीस ‘स्क्रॅच प्रोजेक्ट’ फाइल्स, (१), (२) अशा शेपट्या लावून.

स्क्रॅचचं अ‍ॅप नसेल, तर दुसऱ्या दिवशी सेव्ह केलेल्या प्रोजेक्टच्या .एसबी३ फाइलवर डबल क्लिक करून काही उघडत नाही आणि मुलं रडकुंडीला येतात. आधी ब्राउझरमध्ये स्क्रॅचचा एडिटर उघडा, मग फाइल मेनूतून ‘लोड फ्रॉम युअर कॉम्प्युटर’. तसं केलं की एडिटरमध्ये आधीच उघडं असलेलं काम पुसलं जातं, ते आधी सेव्ह करा.

आणखी एक फसगत: स्प्राइटवर, म्हणजे गेममधल्या पात्रावर, राइट क्लिक करून ‘एक्स्पोर्ट’ केलं, तर .स्प्राइट३ फाइल मिळते. तीत फक्त ते पात्र आणि त्याचा कोड असतो, स्टेज (मागचा देखावा) आणि बाकीची पात्रं नाहीत.

स्क्रॅच २ ची जुनी .एसबी२ फाइल स्क्रॅच ३ मध्ये उघडते, पण .एसबी३ स्क्रॅच २ मध्ये उघडत नाही.