३५ गुणिले ४: गाडीवरचा हिशेब आणि वहीतला शेरा

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांकडून संशोधकांनी गिऱ्हाईक होऊन हिशेब करून घेतले. १९८५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. गाडीवर ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तसेच हिशेब नंतर शाब्दिक उदाहरणं म्हणून विचारले तेव्हा ७४ टक्के, नुसते आकडे मांडून दिले तेव्हा ३७ टक्के.

त्यातला एक मुलगा बारा वर्षांचा. पस्तीसला एक, असे चार नारळ किती? तिनांचे १०५, त्यात तीस म्हणजे १३५, आणि पाच, १४०. कागदावर ३५ गुणिले ४ आलं तेव्हा मात्र: चार पंचे वीस, हातचे दोन, दोन नि तीन पाच, पाच चोक वीस. उत्तर २००. हातचा गुणाकाराआधीच मिळवला, एवढीच चूक. ज्यांना फक्त कागद दिसतो ते शिक्षक 'गणितात कच्चा' लिहून मोकळे होतात, आणि हा अन्याय आहे.

मुंबईत अशी मुलं वर्गावर्गात आहेत. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने धारावीतल्या मुलांच्या कामधंद्यातल्या गणिताचा अभ्यास केला आहे. आपली शिष्यवृत्ती परीक्षा मात्र बुद्धिमत्ता चाचणीचे ५० प्रश्न कागदावरच विचारते. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झांबिया आणि इंग्लंडमधल्या मुलांना वेगवेगळी साधनं देऊन आकृत्यांची नक्कल करायला दिली होती. तार वाकवून आकृती करण्यात झांबियाची मुलं सरस, कागद-पेन्सिलीत इंग्लंडची, मातीकामात दोघं सारखी. साधन बदललं की 'हुशार' मूलही बदलतं.

मूल गणितात अडतं की मांडणीत, हे आकारिक मूल्यमापनातल्या (वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनातल्या) तोंडी कामात तपासता येतं. एकच गुणाकार तीन रूपांत द्या: आधी तोंडी खरेदी, मग शाब्दिक उदाहरण, शेवटी उभी मांडणी. तिन्ही वेगवेगळ्या दिवशी, आकडे थोडे बदलून. नाहीतर मूल आधीचं उत्तर आठवून सांगतं. प्रश्न विचारल्यावर निदान तीन सेकंद थांबा. बहुतेक शिक्षक एका सेकंदातच पुढच्या मुलाकडे वळतात, आणि मग पटकन हात वर करणारा तेवढा हुशार ठरतो. घरी भोजपुरी किंवा तेलुगू बोलणाऱ्या मुलाला तर प्रश्न समजायलाच तेवढा वेळ लागतो.

वर्णनात्मक नोंदीत 'लक्ष देत नाही' लिहू नका. 'तोंडी बरोबर, उभ्या मांडणीत हातचा आधी मिळवतो' असं लिहा. पुढच्या वर्षीच्या शिक्षकांना त्यावरून नेमकं काय शिकवायचं ते कळेल.